चहाला दोष देणाऱ्या डॉक्टरांचीही गोष्ट सांगा

प्रति,
मा. सांस्कृतिक मंत्री,
वेल्स सरकार, कार्डिफ

सप्रेम नमस्कार.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. सकाळी भोंग्याआधी त्यांचा खोकला आम्हाला उठवायचा. त्यामुळे लानबेरिसला दिनॉर्विगची पाटीच्या दगडाची खाण पाहायला गेले, तेव्हा सगळे त्या प्रचंड पाणचाकाचे फोटो काढत होते आणि मी धुळीचा विचार करत होते.

चाक देखणंच आहे. १८७० सालचं, पन्नास फुटांहून जास्त व्यासाचं. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला; भरभराटीच्या काळात इथे तीन हजारांवर माणसं राबायची. छपराच्या पाट्यांच्या मापांना नावं मात्र डचेस, काउंटेस, लेडी! जेवणाच्या सुट्टीत कामगार 'काबान' नावाच्या खोपटात जमायचे. तिथे वेल्श भाषेत वादविवाद, कविता, गाणी चालत. आमच्या गिरणगावातल्या भजनी मंडळांची आठवण झाली.

पण पाटी करवतीने कापताना आणि छिन्नीने चिरताना उडणारी धूळ फुप्फुसात बसायची. माणसं धापा टाकू लागली, तेव्हा खाणमालकांच्या पगारावरच्या डॉक्टरांनी दोष कुणाला दिला? चहाला. म्हणे कामगार फार वेळ उकळलेला चहा पितात! धुळीने काही होत नाही, असंही सांगितलं गेलं. दिनॉर्विग १९६९ मध्ये बंद पडली. अशा बंद खाणींतल्या आजारी कामगारांनी भरपाई मागायची तरी कुणाकडे? सरकारी भरपाईचा कायदा व्हायला १९७९ उजाडलं. तोवर किती जण गेले असतील, हे गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

२०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या या साऱ्या पाटी-प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इथलं राष्ट्रीय स्लेट संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद झालं. नव्या मांडणीत धुळीची गोष्ट कोपऱ्यात नको, चाकाच्या शेजारी हवी. आधी वेल्शमध्ये, कारण खोकणारे त्याच भाषेत बोलत होते. एक्स-रे दाखवा, डॉक्टरांचे अहवाल दाखवा, विधवांनी भरपाईसाठी केलेले अर्ज मिळाले तर तेही.

आणि त्या चहाचा फलक वेगळा करा. संग्रहालयाच्या कॅन्टीनमध्ये, किटलीच्या वर लावलात तरी चालेल.

कळावे,
आपली,
बँगरमध्ये राहणारी एक लालबागकर