बाळ्या, यात्रेच्या स्पर्धेबद्दल

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज ऐकला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी आता दुखत नाही, जिना सहज चढतोस, परवा बांधाच्या कडेनं थोडा पळूनही आलास, तर यात्रेच्या कबड्डी स्पर्धेत निदान बदली खेळाडू म्हणून नाव द्यावं का, असं विचारतोयस. लेका, तुला ओळखतो मी. संघ सहा गुणांनी मागे, शेवटची पाच मिनिटं, भोंग्यावरून तुझं नाव पुकारलं जातंय, अशा वेळी तू बाकावर बसून राहशील का? म्हणून आत्ताच सांगतो, नाव देऊ नकोस.

आता शिव्या द्यायच्या आधी कारण ऐक. तुझ्या गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, डॉक्टरांनी शिवलेलं नाही. मांडीच्या मागच्या भागातली शीर (रक्ताची नस नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) काढून तिच्या जागी बसवलीय, म्हणून तर तिथं अजून ओढ लागते तुला. ही शीर तिथं गेल्या गेल्या लिगामेंट होत नाही. आधी तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे विरघळतात, नवे तयार होतात. या उलथापालथीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यात कच्ची असते. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, टाके सुकलेले असतात, माणसाला वाटतं आपण बरे झालो. आंब्याच्या कलमाला पालवी फुटली म्हणून कुणी त्या फांदीला झोका बांधतं का? तुझं ऑपरेशन होऊन तीन महिने होतायत, म्हणजे तू बरोबर त्याच टप्प्यात आहेस. दुखत नाही हे खरं, पण शीर किती पिकलीय हे दुखण्यावरून कळत नाही.

२०१६ साली ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. असं ऑपरेशन झालेल्या शंभरावर रुग्णांवर त्यांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. नवव्या महिन्यानंतर मात्र नुसतं थांबून तसा फायदा दिसला नाही. म्हणून मी तुला वर्षभर घरी बस म्हणत नाही, नऊ महिने म्हणतो. तेही नुसते कॅलेंडरवरचे नव्हेत. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत सारखी असणं हाही त्या अभ्यासातला मोठा मुद्दा होता, आणि तुझं घोडं तिथंच अडलंय. फोटोत तुझी उजवी मांडी अजून बारीक दिसते.

हा स्नायू का रुसतो सांगू? गुडघ्यात पाणी झालं की मज्जारज्जूकडूनच त्याला आखडतं घेण्याचा निरोप जातो. धडधाकट गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी सोडलं तरी तो ढिला पडतो, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणजे तू आळशी आहेस असं नाही, पण त्याला मुद्दाम जागं करावंच लागतं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून वाटी वर खेचायचा व्यायाम तुला पोरखेळ वाटतो, माहीत आहे. तरी कर. झोपताना मात्र गुडघ्याखाली उशी नको. काकू मायेनं ठेवतात, त्यांना माझ्या नावानं सांग. उशी असली की बरं वाटतं, पण पाय शेवटचा थोडासा सरळ व्हायचा राहून जातो, आणि तो राहिला की चाल लंगडी. ठेवायचीच तर टाचेखाली ठेव आणि गुडघा मोकळा लोंबू दे.

तू क्रिकेटपटू ऋषभ पंतचं उदाहरण दिलंस. घे की. ३० डिसेंबर २०२२ ला त्याचा अपघात झाला आणि २३ मार्च २०२४ ला तो पुन्हा सामना खेळला. त्याच्या दिमतीला बंगळूरची अकादमी, फिजिओ, सगळं होतं, तरी पंधरा महिने गेले. त्याच्या जखमा तुझ्यापेक्षा जास्त होत्या हे कबूल, पण पैसा ओतून शीर लवकर पिकत नाही.

मला विचारशील तर त्यापेक्षा आपल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव घे. लष्करात बॉक्सिंग करणारा माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण ३७.३३ सेकंदांत घेतलं, तेही जागतिक विक्रमासह. तुला पोहायला लावायला हे सांगतोय असं समजू नकोस (ब्रेस्टस्ट्रोकचा पाय तर अजिबात मारू नकोस, गुडघ्याला पीळ पडतो). त्यांच्याकडे उपचार आणि सराव वेगळे नव्हतेच, एवढंच मनात ठेव.

आता पुढचं. पळणं बंद, निदान मी पाय बघेपर्यंत. सायकल, पायरीवर एका पायानं चढउतार, भिंतीला पाठ लावून बसणं आणि दप्तरात पुस्तकं भरून बैठका, एवढं घरी होतं, जिमचे पैसे वाचव. पाचव्या-सहाव्या महिन्यात दोन्ही पायांवर उड्या, मग एका पायावर. उजव्या पायावरची लांब उडी डाव्याच्या नव्वद टक्के भरायला हवी. यात एक फसवणूक आहे. इतके महिने खेळ बंद असल्यानं चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळे उतरलेल्या पायाचे नव्वद टक्के काढून खूश व्हायचं नाही. डाव्या पायाची उडी याच आठवड्यात मोजून ठेव.

त्यानंतर कबड्डी, आणि तीही तुकड्यातुकड्यानं. आधी ठरवून वळणं, मग कुणी ओरडेल त्या दिशेनं वळणं, कारण तुझा गुडघा गेला तो बोनसचा गुण घेऊन मागं फिरताना, कुणाचा हात लागलेला नसताना. मग एकानं हलकी घोटापकड करायची, शेवटी साखळी, म्हणजे हात धरून दोघांनी पकडणं. आणि मॅटवर सावकाश, मातीपेक्षा तिथं पाय जास्त घट्ट अडकतो.

भीती वाटते म्हणालास ते मात्र लपवू नकोस. पाय टेकताना खाली बघत असशील तर मन तयार नाही, आणि तेही आम्ही उपचार करणारे मोजतो.

मंडळाच्या दादांना मी फोन करतो, वाईटपणा माझ्याकडे. तू फक्त उताणं झोपून, टाच उशीवर ठेवून, दोन्ही गुडघ्यांचा बाजूनं व्हिडिओ पाठव. यात्रेला मी येतोयच, सामने कडेला बसून बघू आणि रेफ्रीला शिव्या देऊ.

काकूंना नमस्कार.

तुझा,
संज्या