50 मीटर कोण मोजणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लठ्ठपणावर आपल्या पेपरात हल्ली बरंच येतंय, तेल 10 टक्के कमी करा, साखर कमी खा, रोज चाला, सगळं पटतं पण ही जबाबदारी शेवटी घरातल्या बाईच्या कढईवरच येऊन पडते आणि सरकारच्या नियमांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही.

एफएसएसएआयचा, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, 2020 चा नियम आहे. शाळेत आणि शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त फॅट, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. आमच्या भागात शाळा सुटताना गेटवर उभं राहून बघा, कचोरी, चिप्सची पाकिटं, रंगीत सरबतं, सगळं दहा पावलांवर. मे 2025 मधे सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर असते हे सांगणारे फलक, लावायला सांगितलं, ते चांगलंच केलं, पण बोर्ड आत आणि दुकान बाहेर, मग पोरं कोणाचं ऐकणार? ठेलेवाल्याला दोष देऊ नका, त्याला हा नियम कोणी सांगायलाच आलेलं नाही. फूड सेफ्टी ऑफिसर राज्याच्या खात्याचा, शाळा शिक्षण विभागाची, रस्ता नगर निगमचा, म्हणजे तिघांचं काम ते कोणाचंच नाही. शिवाय "जास्त" म्हणजे नेमके किती ग्रॅम हे त्या नियमात आकड्यात दिलेलंच नाही, मग त्या ऑफिसरने पावती फाडायची तरी कशावर?

आणि हे इंदूरमधे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. 2017 मधे आपण स्वच्छतेत पहिले आलो ते भाषणांनी नाही. रस्त्यावरच्या कचरापेट्या काढल्या, गाडी रोज दारात यायला लागली, दंड खरंच वसूल झाला आणि वॉर्डात कोणाला धरायचं हे लोकांना माहीत होतं. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीला एफएसएसएआयचा क्लीन स्ट्रीट फूड हबचा मान मिळाला त्याचा मलाही अभिमान आहे, पण त्यात बघतात ते मुख्यतः पाणी, हात, भांडी, झाकण. तळण किती आणि साखर किती हा वेगळा प्रश्न आहे, तो अजून कोणी हातात घेतलेला नाही. एनएफएचएस-5 या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात 15 ते 49 वयाच्या 24 टक्के बायकांचं वजन जास्त होतं, आजची ही पोरं उद्या त्याच आकड्यात जाणार.

ठेले हटवा असं मी मुळीच म्हणत नाही. गरिबाची रोजी बुडवून नियम चालत नाही, फक्त हप्ता सुरू होतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात ठेलेवाल्यांच्या जागांचं बघणारी टाउन वेंडिंग कमिटी आहे, तिने गेटजवळची जागा फळं, भुट्टे, उकडलेले चणे विकणाऱ्यांना द्यावी आणि तळणवाल्यांना 50 मीटरच्या पुढे पक्की जागा द्यावी. निगमने रस्त्यावर पेंटने रेघ मारावी, प्रत्येक झोनला एक ऑफिसर नेमावा आणि त्याचा फोन नंबर शाळेच्या गेटवर लावावा. रेघ मारलेल्या शाळांची झोनवार यादी आपण दर महिन्याला छापाल का?

आपली एक वाचक,
इंदूर