फोलिओवरचा (म्युच्युअल फंड खात्यावरचा) नॉमिनी एकदा तपासा

महोदय,

गुंतवणूकदाराच्या निधनानंतर म्युच्युअल फंडाचे पैसे अडकतात ते बहुधा नावातल्या फरकामुळे. पॅनवर 'सुनीता', मृत्यू दाखल्यावर 'सुनिता', बँकेत माहेरचे आडनाव. एवढ्यानेही अर्ज परत येतो. नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) नोंदलेला असेल तर हस्तांतरणाचा अर्ज, साक्षांकित मृत्यू दाखला, नॉमिनीचे केवायसी आणि त्याचे नाव छापलेला रद्द केलेला धनादेश, एवढ्यावर सहसा भागते. नॉमिनीच नसेल तर वारसांची प्रतिज्ञापत्रे, हमीपत्र आणि रक्कम मोठी असल्यास वारस प्रमाणपत्र किंवा प्रोबेट (न्यायालयाने प्रमाणित केलेले इच्छापत्र) लागते. त्यात महिनोन् महिने जातात आणि घरखर्च तर थांबत नाही.

मृताच्या मोबाइलवरचा ओटीपी वापरून परस्पर पैसे काढू नयेत. इतर वारसांनी हरकत घेतली की प्रकरण चिघळते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे इच्छापत्रही हवेच.

म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांच्या संकेतस्थळावरून सविस्तर एकत्रित विवरण मागवा आणि प्रत्येक फोलिओवरचा नॉमिनी पाहा. लग्नाआधीच्या फोलिओंवर अनेकदा अजून वडिलांचेच नाव असते. ते आधी बदलून घ्या.

– एक म्युच्युअल फंड वितरक, सांगली