नेमारचं दुःख पुरे, गोल किकचं बोला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारी, ६ नोव्हेंबर २०२३ ला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांच्यात एएफसी चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेचा, सामना आहे. त्याबद्दल आपल्या अंकात जे काही छापून आलं, त्यातली निम्मी जागा अल हिलालच्या नेमारने खाल्ली. ऑगस्टमध्ये गटांची सोडत निघाली तेव्हा नवी मुंबईतली पोरंटोरं नाचली होती, हे खरं. पण ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि तो येणार नाही, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिवाय २३ ऑक्टोबरला रियाधमध्ये आपण ०-६ हरलो, ते काही नेमारमुळे नाही. त्या रात्री तो मैदानावर नव्हताच. हॅटट्रिक केली त्यांच्या फॉरवर्ड मित्रोविचने, आणि तो नेरुळला येतोय.

सध्याचं चित्र असं. गटात तीन सामने झाले. इराणच्या नसाजीने पुण्यात बालेवाडीला आपल्याला ०-२ हरवलं, उझबेकिस्तानच्या नवबहोरने त्यांच्या घरी ०-३ आणि मग रियाधचे ते सहा. म्हणजे अकरा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. गंमत अशी की आयएसएलमध्ये (देशातल्या इंडियन सुपर लीगमध्ये) हाच संघ या मोसमात अजून एकही सामना हरलेला नाही. त्यामुळे ‘फॉर्म’ या विषयावर आमच्या सीवूड्सच्या टर्फवर रोज रात्री वाद होतो. एक गट म्हणतो, संघ उत्तम आहे, आशियात समोरचेच फार मोठे आहेत. दुसरा म्हणतो, प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांना खेळ बदलता येत नाही.

मला दोन्ही अर्धवट वाटतं. मुंबईचा खेळ सगळ्यांना पाठ आहे. गोल किकला, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर तो पुन्हा खेळात आणताना, गोलरक्षक लाचेंपाने चेंडू जवळच्या जवळ बचावपटूला द्यायचा, त्याने मध्यरक्षकाला, दोन्ही बॅक वर चढायचे आणि छोट्या पासेसनी समोरच्याला दमवायचं. याच खेळावर गेल्या मोसमात वीस सामन्यांत ५४ गोल झाले आणि शील्ड (आयएसएलच्या साखळीत अव्वल येणाऱ्या संघाचा चषक) आली. मात्र त्या खेळाच्या मुळाशी मध्यरक्षक अहमद जाहू होता. दोघे अंगावर आले तरी डोकं वर ठेवून चाळीस यार्डांवर चेंडू पोहोचवणारा तो माणूस या उन्हाळ्यात ओडिशाला गेला. त्याच्याबरोबर मुर्तादा फॉलही गेला, म्हणजे डोक्याने खेळणारा सगळ्यात उंच बचावपटूही. माणसं गेली, आराखडा तोच राहिला. नवा मध्यरक्षक व्हॅन निफ वाईट खेळाडू नाही, पण त्याच्याकडून जाहूचं काम करून घेण्याचा हट्ट कशाला? आयएसएलमध्ये चुकलेला पास निभावून जातो, कारण तिथे तो हिसकावून चार सेकंदांत गोल करणारे संघ थोडे आहेत. अल हिलालचे नेव्हेस आणि मिलिन्कोविच-साविच समोर असताना आपल्याच डीजवळ (गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सजवळ) चुकलेला पास म्हणजे गोल.

या शैलीचं वेड कुठवर पोहोचलंय ते सांगतो. रविवारी सकाळी आमच्या भागात चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना सुरू होता. गोलकीपरने चेंडू ठेवला, दोन बचावपटू डीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहिले, अगदी टीव्हीवर दिसतं तसे. समोरचा फॉरवर्ड पास कधी येतोय याची वाटच बघत होता. आला, त्याने काढून घेतला, गोल. पुढची गोल किक, परत तेच. बाहेरून त्यांचे सर ओरडत होते, ‘बिल्डअप! बिल्डअप!’, म्हणजे मागून छोट्या पासेसनी खेळ उभारा. बारा वर्षांच्या गोलकीपरचा रडवेला चेहरा बघून एका आजोबांना राहवलं नाही. ते म्हणाले, ‘अरे, लांब मार की बाळा!’ मैदानावर त्या दिवशी तेवढा एकच शहाणा सल्ला ऐकू आला.

तोच सल्ला मी मुंबई सिटीला देतोय. पहिली वीस मिनिटं तरी गोल किक लांब मारा, थेट आपल्या फॉरवर्ड पेरेरा दियाझच्या दिशेने. तो उडी हरेल, कारण समोर त्यांचा बचावपटू कूलिबाली असेल. हरू दे. पण खाली पडलेला चेंडू मैदानाच्या मध्यात पडेल, आपल्या डीसमोर नाही. त्या दुसऱ्या चेंडूवर आपले स्टुअर्ट आणि नोगुएरा तुटून पडले तर निदान फ्री-किक मिळतील, कॉर्नर मिळतील. डावीकडून लेफ्ट बॅक आकाश मिश्राने वर जाण्याची ऊर्मी पूर्वार्धात आवरावी.

खरा पेच उजव्या बाजूला आहे. अल हिलालचा सालेम अल दौसारी डावीकडून आत येतो आणि उजव्या पायाने मारतो. गेल्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाला त्याने असाच गोल मारला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. त्याच्यासमोर बहुधा कप्तान राहुल भेके असेल. हा आपल्या मुंबईचाच पोरगा, पण त्याला एकट्याला सोडणं अन्याय आहे. मंडळी म्हणतात, मग उजव्या विंगवरच्या छांगतेला मदतीला मागे आणा. माझा याला साफ विरोध आहे. छांगते स्वतःच्या डीजवळ बचाव करत बसला की आपल्याकडे पळणारा माणूसच उरत नाही, आणि अल हिलालचा बचाव सुखाने मध्यरेषेपर्यंत चढून येतो. त्याऐवजी मध्यरक्षक अपुइयाने त्या बाजूला सरकावं आणि मधली जागा व्हॅन निफने धरावी. छांगते वर उभा असला की त्यांचा लेफ्ट बॅक दहा वेळा विचार करेल.

‘शैली सोडून ०-२ हरण्यापेक्षा खेळून ०-६ हरलेलं बरं,’ असंही एकाने ऐकवलं. ऐकायला छान आहे! पण एप्रिल २०२२ मध्ये याच बकिंगहॅम यांच्या मुंबईने रियाधमध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ हरवलं, चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. ते दोन गोल कसे आले आठवतंय? एक पेनल्टी आणि एक कॉर्नरवर भेकेचं हेडर. पंचवीस पासेसची माळ गुंफून नाही. आणि अल हिलाल अजिंक्य आहे असंही कोणी समजू नये. सप्टेंबरमध्ये रियाधमध्येच नवबहोरने त्यांच्यावर आघाडी घेतली होती, अल हिलालला बरोबरी साधायला भरपाई वेळ उजाडावी लागली.

म्हणून कॉर्नरवर डोकं लावा. चेंडू टाकायला स्टुअर्टचा डावा पाय आहे, डोकं लावायला भेके, टिरी, ग्रिफिथ्स, मेहताब आहेत. अल हिलालच्या बुनूसारखा गोलरक्षक गर्दीतून बाहेर येऊन चेंडू पकडणार हे धरून त्याच्यासमोर एक माणूस उभा करा. याला कोणी रडीचा डाव म्हणालं तर म्हणू दे.

मुंबई जिंकेल असं मी लिहिणार नाही. पण दोन गोलांच्या आत सामना राहिला आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत बिपिन किंवा विक्रम प्रताप ताज्या पायांनी आत आले, तर नेरुळमध्ये काहीतरी घडू शकतं. हे मैदान फुटबॉलला नवं नाही. आयएसएलच्या पहिल्याच मोसमात, २०१४ मध्ये, इथे मुंबई सिटीने पुण्याला ५-० लोळवलं होतं आणि मोरित्झने हॅटट्रिक केली होती. समोर पुणे होतं, अल हिलाल नव्हतं, हे मान्य.

क्रिकेटचा वर्ल्ड कप ऐन भरात आहे, वानखेडेवर श्रीलंकेला ५५ धावांत गुंडाळून झालंय, तेव्हा फुटबॉलला दोन कॉलम मिळाले तरी खूप, हे मी समजू शकतो. एकच विनंती. मंगळवारच्या अंकात ‘नेमारविना चाहत्यांचा हिरमोड’ असा मथळा देऊ नका. आपल्या प्रतिनिधीने लाचेंपाच्या गोल किक मोजाव्यात, किती जवळ दिल्या, किती लांब मारल्या आणि जवळ दिलेल्यांपैकी किती अंगाशी आल्या, एवढं छापावं. सामना रात्रीचा आहे, अंक आधीच छपाईला गेला असेल तर बुधवारी छापा, पण छापा.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, सीवूड्स, नवी मुंबई