आबांचा हिशेब

प्रयाग चिखली, कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

आपले म्हशीवाले आबा गेल्याचं तुला फोनवर कळवलं, पण त्या दिवशी दोघांनाही धड बोलता आलं नाही. आता दिवसकार्य उरकलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. कार्याला आलेला जो तो एकच म्हणत होता, "आबांची म्हशींवर लई माया." मला हसू येत होतं. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसलेल्या पोरांवर ते कसे खेकसायचे, विसरलास का? "माया मागनं कर, आदी वैरण घाल!" माया नव्हती असं नाही रे. पण त्यांना नुसतं मायाळू ठरवलं की त्यांची अर्धी अक्कल पुसली जाते. आबा पक्के हिशेबी होते.

गंगावेशीच्या दूध कट्ट्याचंच बघ. संध्याकाळी शिवाजी पूल ओलांडून ते म्हैस घेऊन जायचे ती कायम पंढरपुरी जातीची. तलवारीसारखी लांब शिंगं लोकांना भुलवतात हे तर होतंच, पण खरं कारण वेगळं. पंढरपुरी चार माणसांत, गाड्यांच्या कलकलाटातही पान्हा सोडते आणि वैरणीवर फार मागत नाही. गोठ्यातली मुऱ्हा जास्त दूध द्यायची, पण तिला त्यांनी कट्टा कधी दाखवला नाही. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसासकट धारोष्ण दूध पेल्यात ओतायचं, पैसे रोख. तालमीतली पोरं उभ्याउभ्या रिचवायची. पाण्याचा संशय घ्यायला जागाच नाही, त्यामुळे दरावरून घासाघीस नाही. उधारी मात्र पैलवानालासुद्धा नाही. त्यावरून त्यांनी किती जणांशी वाकडं घेतलं, ते तुला मी काय सांगू!

सकाळचं दूध गावच्या दूध संस्थेला. १९६३ साली गोकुळ दूध संघ निघाला तेव्हा आबा ऐन विशीत होते. शाळा बेताचीच, पण फॅटचं, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचं, गणित त्यांना संस्थेच्या टेस्टरइतकं कळायचं. पूर्वी दुधात आम्ल घालून, नळ्या यंत्रात गरगर फिरवून फॅट काढत, तेव्हा ते तिथंच उभे राहायचे, मान पुढं करून. सुरुवातीच्या धारा पातळ आणि शेवटच्या दाट, हे त्यांनी त्यातनंच पक्कं केलं. शेवटची धार बादलीत आली तर फॅट चढतो, फॅट चढला की दर चढतो. तरी रेडी असली तर एक सड तिच्यासाठी राखायचे. लोक म्हणायचे, बघा, काय जीव लावलाय! आबा म्हणायचे, "ती उद्याची म्हस हाय." आणि रेडा झाला तर? तर त्याच्या वाट्याला जेमतेम पान्हा घालण्यापुरतं तोंड लावणं. मला ते तेव्हाही आवडायचं नाही, आजही नाही. पण दुधाच्या धंद्यात हे घरोघर चालतं आणि आबा निदान त्यावर पांघरूण घालत नव्हते.

दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवायची, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, सगळा थाट करायचे. पण सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलमागं म्हैस पळवायची म्हटलं की साफ नकार. पळवली की दूध तुटतं, म्हणायचे. कितीदा विनवलं होतं आपण!

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं गाव वेढलं तेव्हा तू पुण्यात होतास. आबांनी पाणी शिवेला लागायच्या आत म्हशी सोनतळीच्या उंचीवर नेल्या. पोरगा म्हणत होता, एक रात्र थांबू. हे ऐकतात होय! पुढं हायवे बंद, टँकर बंद, संघाचं संकलनही बंद. पण म्हैस थोडीच थांबते? धार काढली नाही तर कास तटते, दगडी होते. म्हणून दोन्ही वेळा धारा काढायच्या आणि सगळं दूध सोनतळीला आलेल्या पूरग्रस्तांच्या चुलीवर. पैसे कुणाला मागितले नाहीत.

परवा त्यांच्या पोरानं वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला. दहा दहा दिवसांची बिलं, सरकी पेंडीचे भाव, कुठली म्हैस रेड्याला कधी दाखवली, कधी व्याली, सगळं बारीक अक्षरात. पुराचे दिवसही आहेत. सकाळ-संध्याकाळचे लिटर मांडलेत, दराच्या रकान्यात आडवी रेघ. फुकट दिलं तरी मोजून दिलं, बघ! मी ते पान दिवाणखान्यातल्या मंडळींना दाखवलं. त्यांनी पुन्हा "माया" म्हणून मान हलवली. मी गप्प बसलो.

पोराच्या डोक्यात आता म्हशी काढून संकरित गाई घ्यायचं चाललंय. गाय दूध जास्त देईल, पण फॅट म्हशीच्या निम्म्यावर आणि दरही त्या मानानं खाली. मी म्हटलं, आधी बापाच्या वह्या नीट वाच, मग ठरव. वाचतोय वाटतं, कारण परवा पेंडीचा भाव विचारायला दोन दुकानं फिरून आला.

मोठी मुऱ्हा गाभण आहे, माघात विणार. चिकाचं दूध ठेवायला वहिनींना सांगितलंय. खरवस एसटीनं पुण्याला धाडला तर वाटेत नासेल, तेव्हा रजा टाकून तूच ये. वह्याही बघायला मिळतील. एकीत तुझ्या वडिलांच्या नावावर रेडकाच्या व्यवहाराचे काही पैसे बाकी दिसतात, ते काय ते तूच बघ.

तुझा,
चिखलीकर