सूचना : सकाळच्या फेरीची बदललेली वेळ

सभासदांनो, सोमवारपासून शिवाजी पार्कची फेरी साडेसहाऐवजी साडेपाचला निघेल. मुंबईत पारा ३४ अंशांवरच असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात कूलर कामाला येतो, इथे तो चिकचिक वाढवतो. कपडे सुती, सैल. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी (परवा एका बाटलीवर नऊ जण होते!). फेरीनंतर कोकम सरबत आहे. रक्तदाब असलेल्यांनी त्यातल्या मिठाचं डॉक्टरांना विचारून घ्यावं. चक्कर, मळमळ वाटली तर भिडेखातर चालत राहू नका, लगेच सांगा. उकाडा अजिबातच सोसत नसेल, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईपर्यंत खुशाल सुट्टी घ्या. वर्गणी मात्र चालूच राहील.