आधी हिरवी फुली, मग पांढरा क्रूस

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क लोकांचा झेंडा शिवायला घेतलास, तर लाल कापड आधी धुऊन घे. त्याचा रंग गेला की पांढरी पट्टी गुलाबी होते. प्रमाण 14:25 ठेव, म्हणजे लांबी 50 सेंमी तर रुंदी 28. दुमडीसाठी चारी बाजूंनी दीड सेंमी जास्त काप. हिरव्या पट्ट्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जातात, त्यामुळे त्यांचा कोन 45 नव्हे, जेमतेम 29 अंश येतो. पट्ट्यांची रुंदी साधारण सव्वाचार सेंमी. तिरक्या शिवणीत लाल कापड उरेब पडतं आणि मशीनखाली ताणलं जातं, म्हणून आधी धावदोरा घाल. पट्ट्या दोन्ही बाजूंना लाव, नाहीतर मागून नुसता लाल दिसेल.

आधी हिरवी फुली, तिच्यावर पांढरा क्रूस. हा क्रम चुकवू नकोस, सगळा अर्थ त्यातच आहे. लाल म्हणजे बिस्काय प्रांत. हिरवी फुली म्हणजे तिथल्या गेर्निका गावच्या ओक वृक्षाखाली शपथ घेऊन पाळलेले जुने कायदे. आणि या दोहोंच्या वर ख्रिस्त. झेंड्याचा कर्ता साबिनो आराना कट्टर कॅथलिक होता, त्याने मांडणीच तशी केली.

थोरला भाऊ लुईस याच्यासोबत त्याने हा झेंडा आखला. 14 जुलै 1894 ला तो बिस्कायमधल्या बिल्बाओ शहरात पहिल्यांदा फडकला, तोही फक्त बिस्कायचा म्हणून. झेंड्याशेजारच्या फलकावर हे लिहीच, बहुतेकजण इथेच चुकतात. पुढच्या वर्षी साबिनोने बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला, 1898 मध्ये तो प्रांतिक सभेवर निवडून आला. क्यूबाच्या स्वातंत्र्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अभिनंदनाची तार करू पाहिली म्हणून 1902 मध्ये तुरुंगात गेला आणि 1903 मध्ये, अवघ्या 38व्या वर्षी, वारला.

खाणींत कामाला आलेल्या परप्रांतीय मजुरांबद्दल त्याने फार विखारी लिहिलं. ते गाळू नकोस. 1936 मध्ये बास्क सरकारने हाच झेंडा स्वीकारला तो एका समाजवादी मंत्र्याच्या सूचनेवरून, आणि त्या मंत्र्याच्या पक्षामागे तेच मजूर उभे होते. मला साबिनोच्या चरित्रातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, जरी ती त्याच्या मृत्यूनंतरची असली तरी.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने झेंड्यावर बंदी घातली. ती असतानाच, 5 डिसेंबर 1976 ला, सान सेबास्तियान शहरातल्या आतोचा मैदानात कोर्ताबारिया आणि इरिबार हे दोन प्रतिस्पर्धी बास्क फुटबॉल संघांचे कर्णधार तो दोन टोकांना धरून उतरले. दीड महिन्यात बंदी उठली. त्या दिवशीचा झेंडा एका खेळाडूच्या बहिणीने शिवलेला होता.

तुझी,
आई